बिनआवाजाची वरात

मुनीरमास्टर गाणं पायाने ऐकत असत. कार्यक्रम सुरू होण्याआधी ते उजव्या पायातला बूट काढत, मोजा काढून कोटाच्या खिशात ठेवत आणि अनवाणी तळवा शेजारच्या मोठ्या स्पीकरच्या खोक्यावर टेकवत. मग दोन्ही हात की-बोर्डवर. बघणाऱ्याला वाटे, काय उद्धट माणूस आहे, भर मांडवात पाय वर करून बसलाय. नांदेडला एका वधूपित्याने तर तोंडावर तसं म्हणूनही दाखवलं. मास्टर शांतपणे म्हणाले, "पाय न्हाई साहेब, कान हाय हा माझा. धुऊन आणलाय."

तरुणपणापासून हा माणूस पितळी वाद्यं आणि ढोल यांच्या मधोमध उभा राहिला होता. त्याची भरपाई कानांनी केली. डॉक्टरांनी सांगितलं की आधी बारीक आवाज जातील, मग जाड. झालंही तसंच. झांजा गेल्या, बासरी गेली, कोकिळा गेली. कोकिळेचं त्यांना विशेष दुःख नव्हतं, "एकच गाणं म्हनून राहिली जन्मापासून" असं ते म्हणत. कानात घालायचं यंत्र त्यांनी आणलं होतं, पण ते फक्त जेवताना घालत. कारण विचारलं तर म्हणाले, "ते यंत्र सगळ्यांला सारखाच मान देतं. ताट पडलं तरी तेवढंच, सनई वाजली तरी तेवढंच. असा माणूस मी बँडमदी घेतला नसता."

माझी आणि त्यांची पहिली भेट माझ्याच लग्नात झाली. भूकंपानंतरच्या वर्षीची गोष्ट. लग्न अहमदपूरला होतं. माझ्या मावशीचं गाव भूकंपात गेलं होतं, आणि मावशीच्या घरातली एकच मुलगी वाचून आमच्याकडे राहायला आली होती. लग्न पुढे ढकलायचं नाही असं वडीलधाऱ्यांनी ठरवलं, पण वाजवायचंही नाही असं ठरवलं. नांदेडचा बँड मात्र आधीच सांगितलेला होता, आणि निरोप वेळेवर न पोचल्यामुळे तो बँड सकाळच्या एसटीने गणवेश घालून हजर झाला. पुढे मास्टर. तेव्हा तिशीतले. तलवारकट मिश्या, पितळी बटणांचा लाल कोट, हातात चांदीच्या मुठीची काठी.

माझ्या वडिलांनी त्यांना बाजूला घेऊन परिस्थिती सांगितली आणि हात जोडून परत जायला सांगितलं. मास्टर म्हणाले, "मालक, वाजवायचं न्हाई ते बरोबर. पन बँड आल्यावर बँड चालला पाहिजे. नवरदेव मारुतीला एकटा जातो का कुठं?" आणि मग अहमदपूरच्या बाजारपेठेतून जी मिरवणूक निघाली तशी पुन्हा कोणी पाहिली नसेल. घोड्यावर मी. पुढे पूर्ण बँड, वाद्यं तोंडाला लावलेली, बोटं चालू आणि फुंक बंद. ढोलवाल्याची टिपरी कातड्याच्या बोटभर अलीकडे थांबे. मास्टर उलटे चालत काठी हलवून सगळ्यांना ठेका देत होते. बाजारातली माणसं आधी हसली, मग टोप्या काढून उभी राहिली. माझ्या मावसबहिणीने त्या दिवशी, आमच्याकडे आल्यापासून पहिल्यांदा, दारापर्यंत येऊन बाहेर पाहिलं.

निघताना मास्टरांनी मला सलाम केला. "नवरदेव, जिंदगीत न वाजवलेली ही एकच वरात. तुमच्या पहिल्या लेकराच्या लग्नाला बोलवा. असं वाजवतो की अहमदपूरचं लातूरला ऐकू जाईल." मी "हो" म्हणालो. घोड्यावरचा माणूस कशालाही हो म्हणतो.

पुढे मी लोह्याच्या शाळेत गणित शिकवलं आणि नंतर नांदेडच्या एका क्लासमध्ये आलो. ते क्लासचे भराचे दिवस होते. लातूर आणि नांदेडमध्ये दर रस्त्यावर पहिल्या आलेल्या मुलांचे फोटो, दर घराच्या वर मुलांसाठी खोल्या, आणि दर खोलीत पुस्तकं, बादली आणि एक घाबरलेला मुलगा. आम्ही ज्या गल्लीत घर घेतलं तिच्या टोकाला पाटी होती: "मुनीर म्युझिकल, बँड व ऑर्केस्ट्रा". मी ओळख द्यायला गेलो तर मास्टरांनी चेहऱ्याकडे टक लावून पाहिलं आणि आतल्या खोलीकडे ओरडले, "जुबेदा, चहा ठेव! न वाजवलेला नवरदेव आला!" आणि दुसऱ्याच वाक्यात विचारलं, "लेकरू किती वर्षांचं हाय?"

माझी मुलगी अनुजा तेव्हा शाळेत होती. ती मोठी होत गेली आणि मास्टरांचा बँड लहान होत गेला. कोणी म्हातारं झालं, कोणी मेसमध्ये पोळ्या लाटायला गेलं, कारण तिथे बाराही महिने काम होतं. शेवटी उरले मास्टर आणि ढोलकीवाला किसन. बाकीचा बँड लॅपटॉपमध्ये गेला. संगीत तयार करायचं एक सॉफ्टवेअर मास्टरांनी कुणाकडून तरी भरून घेतलं होतं. त्यात जुन्या वादकांचे आवाज वाजवून साठवले होते, पडद्यावर प्रत्येक वाद्याची वेगळी पट्टी होती, आणि प्रत्येक पट्टीला त्या वादकाचं नाव दिलं होतं. क्लॅरिनेटची पट्टी बाबूराव, झांजेची लतीफ, मोठ्या ढोलाची तुळशीराम. कार्यक्रमात ही पट्ट्यांवरची मंडळी वाजत आणि त्यांच्यावर मास्टर की-बोर्ड आणि किसन ढोलकी जिवंत वाजवत.

अनुजाचं लग्न ठरलं त्या महिन्यातली गोष्ट. मास्टर सकाळी आमच्याकडे आले, खुर्चीवर बसले आणि आवाज खाली आणण्याचा प्रयत्न करत म्हणाले, "सर, ढोल बी चालला आता." मास्टरांचा खालचा आवाज म्हणजे समोरच्या घरातल्या बाईने खिडकी उघडून पाहिलं इतपत. पायाला जोर लागतो पण ठेका नीट कळत नाही, हेडफोनमधली मात्रा मोजून देणारी टिकटिक तर केव्हाच गेली, परवा एका हळदीत किसनने तीनदा सावरून घेतलं, असं त्यांनी सांगितलं. "किसन चांगला हाय म्हनून बोलला न्हाई. पन पोरीच्या लग्नात मला चुकायचं न्हाई. एकदा ते वाजवू द्या, मग बंद. शब्द दिलेला हाय."

मग त्यांनी पिशवीतून एक काळी पेटी काढली. वहीएवढी, वर रबरी चौकोनी बटणांच्या दोन रांगा, प्रत्येक रांगेत आठ. हैदराबादहून जुनी आणलेली. बटणाखाली दिवा होता. मास्टरांची कल्पना साधी होती. गाण्याच्या प्रत्येक मात्रेला एकेक दिवा पुढे सरकावा. म्हणजे कान गेले तरी ठेका डोळ्यांनी दिसेल. अडचण अशी की लॅपटॉपमधलं सॉफ्टवेअर या पेटीला ओळखतच नव्हतं. बटण दाबलं तर त्याला कळे, पण दिवा लावायचं त्याच्या गावी नव्हतं. मोठ्या कंपन्यांच्या पेट्यांसाठी अशा ओळखीची तयार स्क्रिप्ट, म्हणजे छोटासा प्रोग्राम, मिळते. आमच्या पेटीची कंपनी बहुधा पेटी बनवून लगेच बुडाली असावी.

"नुस्तं आपण बोलायचं आन समोरच्यानं भिंतीसारखं बसायचं, असं कसं चालंल?" मास्टर म्हणाले. "गोष्ट सांगताना ऐकणारानं हुंकार दिला पाहिजे. ही पेटी हुंकार देऊन न्हाई राहिली. तुम्ही क्लासमदी पोरांला कंप्युटरचं शिकवता म्हनं."

मी गणित शिकवत होतो, आणि एका वर्षी शिक्षक सोडून गेला म्हणून मुलांना पायथनमध्ये प्रोग्राम लिहायला शिकवलं होतं. संगीतातलं मला काही म्हणजे काहीच कळत नाही. आरतीतही मी टाळी वाजवत नाही, कारण माझ्यामुळे शेजारच्यांची चुकते. हे मी मास्टरांना प्रामाणिकपणे सांगितलं. ते म्हणाले, "बरं झालं. दोन मास्टर एका बँडमदी नकोतच."

दर रविवारी सकाळी आम्ही त्यांच्या बैठकीत बसू लागलो. इंग्रजीतलं माहितीपत्रक मी वाचायचो आणि समजेल तसं समोर तोंड धरून, ओठ नीट हलवून सांगायचो. पहिली गोष्ट अशी कळली की एका ठरलेल्या फोल्डरमध्ये आपली फाइल ठेवायची आणि फाइलच्या पहिल्या ओळीत नाव लिहायचं. सॉफ्टवेअर उघडताना ते नाव वाचतं आणि आपल्या यादीत दाखवतं. आम्ही नाव लिहिलं, सॉफ्टवेअर बंद करून उघडलं, आणि मोठमोठ्या परदेशी पेट्यांच्या मधोमध ओळ आली: मुनीर म्युझिकल. फाइलमध्ये त्या एका ओळीशिवाय काहीही नव्हतं. पण मास्टर उभे राहिले, कोट घालून आले, आणि पडद्याशेजारी उभं राहून मला फोटो काढायला लावला. पुढचा तास तो फोटो नातेवाइकांना पाठवण्यात गेला. जुबेदाभाभी चहा ठेवताना म्हणाल्या, "सर, दुकानाची पाटी लागली तवा बी असंच केलतं यांनी. आत माल नव्हता काहीच."

दुसऱ्या रविवारी कळलं की फाइलमधली कामं आपण चालवायची नसतात. प्रत्येक कामाला ठरलेलं नाव असतं. बटण दाबलं गेलं की सॉफ्टवेअर त्या नावाने हाक मारतं, मात्रा पडली की दुसऱ्या नावाने हाक मारतं, आणि तेव्हाच आपण हजर व्हायचं, काम करायचं आणि परत गप्प बसायचं. हे माझ्या विद्यार्थ्यांना समजावताना माझा घाम निघाला होता. मास्टर एका वाक्यात म्हणाले, "म्हंजे बँडवाल्याचीच नोकरी हाय ही. मांडवाच्या मागं बसून राहायचं. कुणी तरी हात केला की फुंकायचं." ओळी आत सरकवून लिहायचा नियमही त्यांना जड गेला नाही. "बाबूरावच्या मागं जे वाजवणार ते एक पाऊल मागं उभे. त्यात काय विचारायचं?" त्यांची फाइल दिसायला माझ्यापेक्षा देखणी होती. चालायची नाही, पण रांग सरळ.

आकड्यांशी मात्र त्यांचं वैर होतं. या यंत्रांच्या दुनियेत प्रत्येक सुराला नंबर असतो. मधला सा साठ नंबरचा धरला, तर रे बासष्ट, ग चौसष्ट, प सदुसष्ट. मला हे फार आवडलं. आयुष्यात पहिल्यांदा मला गाणं समजत होतं. मास्टर तोंड कडू करून बसले होते. "कैद्यांला देतात तसे नंबर दिले सुरांला. पंचमानं काय गुन्हा केला व्हता?" जोराचंही तसंच. बटण किती जोरात दाबलं ते शून्य ते एकशे सत्तावीस या आकड्यांत येतं. त्याच्या पुढे आकडाच नाही. मास्टरांना हे पटेना. "लग्नाचा बँड हाय सर, एकशे सत्तावीसनं काय होतंय?" मी पाठ फिरवल्यावर त्यांनी दिव्याला पाठवायच्या जोराच्या जागी पाचशे लिहिलं. पेटी मेल्यासारखी पडली. मी एकशे सत्तावीस केलं, दिवे लागले. "सरकारी दिसतंय," मास्टर म्हणाले. "मर्यादा घालून ठेवली."

फाइलमध्येही त्यांनी जुन्या वादकांचीच नावं दिली होती. एकदा मी पट्ट्यांचे क्रमांक वर लिहायचे विसरलो आणि पडद्यावर लाल अक्षरं आली: बाबूराव इज नॉट डिफाइन्ड. मी अर्थ सांगितला, की तो म्हणतोय बाबूराव कोण ते मला माहीत नाही. मास्टर खूप वेळ हसले. मग डोळे पुसत म्हणाले, "तवा बी असाच व्हता. वरात निघायच्या टायमाला हमखास गायब. पानाच्या ठेल्यावर बघा त्याला."

पहिलं मोठं यश आलं आणि लगेच बिघडलं. बटण दाबलं की पट्टी चालू व्हावी आणि बटणाखाली दिवा लागावा, एवढं आम्ही लिहिलं होतं. मास्टरांनी बाबूरावचं बटण दाबलं. दिवा लागला. विझला. लागला. विझला. क्लॅरिनेट उचकी लागल्यासारखी वाजू लागली, आणि थांबेचना. मास्टरांना ऐकू येत नव्हतं, ते दिवा बघून खूश होते. "नाचून राहिला बगा बाबूराव!" शेवटी भाभींनी येऊन लॅपटॉप मिटवला. मी दोन दिवस विचार केला तेव्हा कारण सापडलं. दिवा लागला की आमची पेटी "लागला" असं उलट कळवत होती, आणि आमची फाइल ते नवीन बटण दाबलं असं समजून पुन्हा दिव्याला निरोप पाठवत होती. भाभींना हे मी सांगितलं तर त्या म्हणाल्या, "हे तर यांचं आन यांच्या बहिणीचं फोनवरचं झालं. तू ठेव. न्हाई, तू ठेव." मास्टरांनी त्यावर एक नियम सांगितला, आणि मी तो जसाच्या तसा फाइलमध्ये एका ओळीत लिहिला: हुंकाराला हुंकार द्यायचा नाही. बाबूरावची उचकी थांबली.

खरं भांडण शून्यावरून झालं. प्रोग्राममध्ये मोजणी शून्यापासून सुरू होते. पहिली मात्रा शून्य, पहिला दिवा शून्य, आठवा दिवा सात. मी हे मांडलं तेव्हा मास्टरांनी पेटी बाजूला सारली. "सम म्हंजे काय ठाव हाय का सर? सगळा ताल जिथं येऊन टेकतो ती जागा. तिला तुम्ही शून्य म्हनता? घरातल्या वडिलाला शून्य म्हनाल का?" मी म्हणालो की हा मानाचा प्रश्न नाही, मोजायची रीत आहे. ते म्हणाले की मानाचा प्रश्न नाही असं म्हणणारा नेहमी दुसऱ्याच्या मानाबद्दल बोलत असतो. मी शून्य तसंच ठेवून घरी आलो. माझ्या माघारी त्यांनी फाइल उघडली आणि प्रत्येक मात्रेत एक मिळवून सम एक नंबरला बसवली. दिवे मात्र शून्यापासूनच होते. त्यामुळे समेचा दिवा एक मात्रा आधी लागू लागला.

हे आम्हाला कळलं ते शहरातल्या एका क्लासच्या सत्कार समारंभात. गुणवंत मुलं एकेक करून व्यासपीठावर येत होती आणि मास्टर त्यांच्यासाठी वाजवत होते, डोळे पेटीवर, पाय स्पीकरवर. संपूर्ण बँड एका जागी आणि मास्टर सतत एक मात्रा पुढे. मुलांना कुणाच्या तालावर चालावं कळेना, ती लंगडत येऊ लागली. एका मुलीने हार स्वीकारण्याआधीच नमस्कार करून टाकला. किसन ढोलकीवरून ओरडत होता, "मास्टर, पुढं हाव तुम्ही, पुढं!" मास्टरांना ऐकू गेलं नाही, त्याचं तोंड हलताना तेवढं दिसलं, म्हणून चूक त्याचीच समजून ते उलट त्यालाच डोळे वटारून सावर म्हणत होते. क्लासच्या संचालकांनी शेवटी भाषणात या नव्या पद्धतीच्या संगीताचं कौतुक केलं. किसनने ढोलकी पिशवीत घातली आणि मला म्हणाला, "सर, एक तर यांचा तो डबा राहील, न्हाई तर मी."

त्या रविवारी मास्टर कोट न घालता बसले होते. त्यांनीच पेटी माझ्याकडे सरकवली. "लिहा शून्य," ते म्हणाले. मी मिळवलेला एक काढून टाकला. मास्टरांनी गाणं लावलं, दिवे बघितले, हात की-बोर्डवर ठेवले. किसन भिंतीला टेकून उभा होता. पहिल्या आवर्तनानंतर त्याने ढोलकी मांडीवर घेतली. तिसऱ्या आवर्तनाला तो हसला. मला संगीत कळत नाही, पण चेहऱ्यावरून उत्तर बरोबर आलंय की नाही हे ओळखण्यात माझी हयात गेली आहे. उत्तर बरोबर होतं.

लग्नाला पंधरवडा राहिला होता आणि मास्टर कधी नव्हे इतके तयार होते. तेवढ्यात परीक्षेची तारीख बदलली.

आमच्या भागातलं मंगल कार्यालय आम्ही खूप आधी धरलं होतं. त्याच्या चारी बाजूंनी मुलांच्या खोल्या. वैद्यकीय प्रवेशाची परीक्षा आधी लग्नाच्या आठवडाभर अगोदर होणार होती, ती पुढे ढकलली जाऊन नेमकी लग्नाच्या दुसऱ्या दिवशी आली. परीक्षेच्या आदल्या दिवशी या भागात वाजवायचं नाही, हा नियम काही वर्षांपूर्वी गल्लीतल्या सगळ्यांना पटवून मीच सुरू केला होता. दर वर्षी एखाद्या वरबापाला हात जोडून स्पीकर बंद करायला मीच जात असे. आता वधूबाप मी होतो. आमची सौभाग्यवती म्हणाली, "अहो, एक दिवस. आपल्या एकुलत्या एका मुलीचं लग्न आहे." मी म्हणालो, "प्रत्येकाचं एकच होतं." अनुजा एवढंच म्हणाली, "बाबा, मास्टरकाकांना कोण सांगणार?" व्याह्यांची मला धास्ती होती, पण त्यांची लातूरला विद्यार्थ्यांची मेस होती. ते फोनवर लगेच म्हणाले, "परीक्षेच्या आदल्या दिवशी? अहो, आम्ही त्या दिवशी ताटंसुद्धा हळू ठेवतो."

मास्टरांना मी सांगितलं. समोर बसून, ओठ नीट हलवून. त्यांनी चहाचा कप खाली ठेवला आणि खिडकीतून समोरच्या खोल्यांकडे पाहिलं. दोरीवर मुलांचे टॉवेल वाळत होते.

"पोरं कुणाची हायेत?" त्यांनी विचारलं.

"बरीचशी माझ्याच वर्गातली."

"हां." मग त्यांनी पेटीवरून रुमाल फिरवला. "वाजवायचं न्हाई. बरोबर हाय. पन बँड येनार."

त्या वरातीनंतर मास्टरांनी कुठेच वाजवलं नाही, आणि पुढचा उन्हाळा त्यांनी पाहिला नाही. म्हणून तिचं सगळं नीट सांगतो.

लग्न गोरज मुहूर्तावर होतं. जावई मारुतीचं दर्शन घेऊन कार्यालयाकडे निघाले तेव्हा ऊन उतरलं होतं. घोड्याच्या पुढे एक हातगाडा, गाड्यावर की-बोर्ड, लॅपटॉप, एक मोठा स्पीकर आणि त्यांच्यामागे स्टुलावर बसलेले मास्टर. पेटी मास्टरांनी उलटी करून, दिवे लोकांकडे येतील अशी, गाड्याच्या पुढच्या दांडीला बांधली होती. आणि स्वतःसाठी? तर गाड्यासमोर अनुजाचा कपाटातला आरसा एका माणसाच्या हातात दिला होता. त्यात बघून ते वाजवणार होते. लाल कोट, तीच पितळी बटणं, मिश्यांना मेंदी. उजवा बूट काढला, मोजा खिशात ठेवला, पाय स्पीकरवर टेकवला. स्पीकर बंद होता, त्याची वायरही जोडलेली नव्हती. मी बोट दाखवलं तर म्हणाले, "ठाव हाय. पायाला सवय हाय, त्याला कशाला सांगायचं?"

मग दिवे चालू झाले. एक, दोन, तीन, एका रांगेतून दुसऱ्या रांगेत. मास्टरांची बोटं पट्ट्यांवर धावू लागली. किसन ढोलकीवर हवेत थापा मारत होता, कातड्याच्या बोटभर वर. सुरुवातीला वऱ्हाडी मंडळी अवघडली. मग कुणीतरी दिवे बघून म्हणालं की हे अमुक गाणं, दुसरा म्हणाला नाही, तमुक. पैजा लागल्या. व्याह्यांच्या भावाने दिवे बघत खांदे उडवायला सुरुवात केली, आणि बघता बघता अख्खी वरात बिनआवाजाची नाचू लागली. ऐकू येत होते ते फक्त चपलांचे आवाज आणि घोड्याचं फुरफुरणं. मास्टर किसनला मोठ्याने म्हणाले, आणि त्यांचं मोठ्याने म्हणजे साऱ्या गल्लीने ऐकलं, "आज सगळे माझ्या लाइनीत आले रे!"

खोल्यांच्या खिडक्या उघडल्या. पोरं पुस्तकं हातात घेऊन उभी राहिली. माझ्या वर्गातली कितीतरी तोंडं मला दिसली, आणि मी सवयीने हात वर करून "आत जा, उजळणी करा" अशी खूण केली. कोणी गेलं नाही. एका पोराने खिडकीच्या गजावर पेनने ठेका धरला. शेजारच्या खिडकीतल्याने धरला. मग समोरून, मग वरून. पेनं, पट्ट्या, डब्यांची झाकणं. दिव्यांच्या बरोबर, एकही इकडेतिकडे नाही. ज्यांच्यासाठी मी सगळं बंद केलं होतं त्यांनीच सगळी गल्ली वाजवायला घेतली. किसन हवेत हात तसेच धरून वर बघत राहिला. त्याचे डोळे भरले होते. त्याने माझ्याकडे पाहिलं आणि मानेने मास्टरांकडे खूण केली.

मास्टरांना काहीच माहीत नव्हतं. ते आरशात दिवे बघत वाजवत होते. इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्यांना अख्खी गल्ली हुंकार देत होती, आणि पेटीत तो दाखवायला दिवा नव्हता.

मी गाड्याजवळ गेलो. हाक मारून उपयोग नव्हता. मी त्यांच्या लाल कोटाच्या खांद्यावर हात ठेवला आणि खिडक्यांमधला ठेका ऐकत ऐकत बोटांनी त्यांच्या खांद्यावर वाजवू लागलो. मास्टर दचकले. त्यांनी आरशातून माझ्याकडे पाहिलं, मग मान वर करून खिडक्यांकडे पाहिलं. गजांवर आपटणारी पेनं त्यांना दिसली. बोटं थांबली नाहीत, पण मिश्या थरथरल्या. मी मोजत होतो, मनातल्या मनात, एक, दोन, तीन, चार. जमेल तसं वाजवत होतो.

दोन आवर्तनं त्यांनी ते खांद्यावर सोसलं. मग आरशातूनच, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात, ते म्हणाले, "सर, एक मात्रा मागं हाव तुम्ही. शून्यापासून मोजा."